लेकीची सीईटी, रसायनशास्त्राचे ५० गुण आणि आईचं काम



ज्यांची लेक किंवा मुलगा यंदा अकरावी-बारावी सायन्सला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांच्या घरी कोणी नाही त्यांनीही वाचावा. शेजारची, जावेची, नणंदेची पोर असतेच. आणि क्लासच्या फीसाठी कर्जाचा अर्ज गटात आला, तर ठरावावर सही आपल्यालाच करायची असते. सही करण्याआधी ही परीक्षा नेमकी काय आहे हे आपल्याला माहीत हवं.

बैठकीत विषय निघाला की बहुतेक ताया म्हणतात, "आम्हाला त्यातलं काय समजते? सातवी शिकलेल्या बाया आम्ही. रसायनशास्त्र तिचं ती पाहीन." यातलं अर्धं बरोबर आहे. रसायनशास्त्र तिलाच करायचं आहे. पण ही परीक्षा एकट्या रसायनशास्त्राची नाही. ती तीन गोष्टींची आहे: विषय, कॉम्प्युटर आणि घड्याळ. पहिली गोष्ट लेकीची. उरलेल्या दोन्हींची तयारी आई करून घेऊ शकते, त्याला सातवीसुद्धा लागत नाही.

ही परीक्षा आहे तरी काय?

बारावी सायन्सनंतर इंजिनिअरिंग, फार्मसी किंवा कृषी पदवीला जायचं तर महाराष्ट्रात एमएचटी-सीईटी द्यावी लागते. ती राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपण ज्याला सीईटी सेल म्हणतो, तो घेतो. साधारण एप्रिल-मे महिन्यात होते. २०१९ पासून ही परीक्षा कागदावर नाही, कॉम्प्युटरवर होते. शेगावचं इंजिनिअरिंग कॉलेज असो, चिखलीचं फार्मसी कॉलेज असो की अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातला प्रवेश असो, रस्ता या परीक्षेतून जातो.

डॉक्टर होण्यासाठीची 'नीट' ही वेगळी परीक्षा आहे. दोन्हींचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे एकीचा नियम दुसरीला लावू नका.

सीईटीचे दोन गट असतात. गणित घेणाऱ्यांचा पीसीएम आणि जीवशास्त्र घेणाऱ्यांचा पीसीबी. कोणताही गट घेतला तरी रसायनशास्त्र सुटत नाही. एकूण २०० गुणांपैकी रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, ५० गुण. यातले साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे आणि ८० टक्के बारावीचे. म्हणजे ५० पैकी जवळपास १० प्रश्न अकरावीतून येतात. "अकरावीचे मार्क कुठं धरतात?" असं म्हणून ज्या मुली अकरावीचं पुस्तक रद्दीत देतात, त्या हे १० गुण रद्दीत देतात. पुस्तक गेलंच असेल तर बालभारतीच्या वेबसाइटवर ते फुकट उतरवून घेता येतं.

रसायनशास्त्रावर जोर का द्यायचा?

भौतिकशास्त्राची आणि गणिताची उदाहरणं लांबलचक असतात. रसायनशास्त्रात मात्र बरेच प्रश्न असे असतात की उत्तर माहीत असेल तर वीस सेकंदांत टिक करून पुढे जाता येतं. माहीत नसेल तर पाच मिनिटं डोकं खाजवूनही येत नाही. म्हणून या विषयात नियमित उजळणी करणाऱ्या मुलीला फळ लवकर मिळतं, आणि रोज थोडं-थोडं करणं आपल्या गटातल्या बायांना कोणी शिकवायची गरज नाही. बचत आपण तशीच करतो.

दुसरं म्हणजे हा विषय आपल्या घराबाहेरचा नाही. दोन उदाहरणं देते. आज संध्याकाळी लेकीला विचारून पाहा.

पहिलं युरियाचं. युरियाच्या बॅगवर "नत्र ४६ टक्के" असं लिहिलेलं असतं. हे ४६ कुठून आलं? युरियाच्या एका रेणूत नायट्रोजनचे दोन अणू, कार्बनचा एक, ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे चार अणू असतात. नायट्रोजनच्या एका अणूचं वजन १४ धरतात, कार्बनचं १२, ऑक्सिजनचं १६, हायड्रोजनचं १. बेरीज करा: २८ अधिक १२ अधिक १६ अधिक ४, झाले ६०. या ६० पैकी नायट्रोजनचे २८. शंभरात किती? ४६.६७. म्हणून बॅगवर ४६. आता ४५ किलोच्या बॅगेत नत्र किती? साधारण २०.७ किलो. अकरावीच्या पहिल्याच धड्यात, रसायनशास्त्राच्या मूलभूत संकल्पनांमध्ये, हेच शेकडा प्रमाण आहे आणि त्यावर प्रश्न येतात.

दुसरं आपल्या लोणारचं. लोणार सरोवराचं पाणी खारं तर आहेच, शिवाय ते अल्कधर्मी आहे. आंबट पदार्थाच्या अगदी उलट, सोड्यासारखं. पदार्थ किती आंबट किंवा किती अल्कधर्मी हे मोजायच्या पट्टीला पीएच म्हणतात. शुद्ध पाण्याचा पीएच ७, लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास आणि लोणारच्या पाण्याचा १० च्या आसपास. या पट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. म्हणजे ७ आणि १० यांत तीनपट नाही, हजारपट फरक झाला. बारावीच्या आयनिक समतोल या धड्यात हे आहे. परीक्षेत "पीएच ३ वरून ५ झाला तर हायड्रोजन आयन किती पटीने कमी झाले?" असं विचारलं, तर लोणार आठवणारी मुलगी शंभरपट हे उत्तर विचारात न पडता देईल.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद भागातल्या खारपाणपट्ट्यातल्या तायांना तर द्रावण, क्षार, मिठाचं प्रमाण हे विहिरीच्या पाण्यानेच शिकवलेलं आहे. लेकीला सांगा, धडा वाचताना आपल्या गावातलं उदाहरण शोधायचं. सापडलं की ते लक्षात राहतं.

भाषेची अडथळ्यांची शर्यत

आपल्या बहुतेक मुली दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकतात. अकरावी सायन्सला गेल्या की पुस्तक इंग्रजी. मुलगी हुशार असते, पण शब्द अडवतात, आणि ती घरी येऊन म्हणते, "मला केमिस्ट्री जमतच नाही." जमत नाही ती केमिस्ट्री नसते, शब्द असतात. दहावीत शिकलेलं द्रावण म्हणजे सोल्यूशन. आम्ल म्हणजे ॲसिड. आम्लारी म्हणजे बेस. क्षपण म्हणजे रिडक्शन. उत्प्रेरक म्हणजे कॅटॅलिस्ट. समतोल म्हणजे इक्विलिब्रियम.

एक साधी वही करायला लावा. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. रोज पाच शब्द. दोन महिन्यांत तीनशे होतात. एवढ्यात पुस्तक बऱ्यापैकी मोकळं होतं.

सीईटीत रसायनशास्त्राचा पेपर मराठीतूनही घेता येतो, पण माध्यम फॉर्म भरतानाच निवडायचं असतं. इथे घाईने "मराठी" टिक करू नका. दोन वर्षं जो शब्द इंग्रजीत शिकला, तो ऐन परीक्षेत मराठीत आला तर पोर गोंधळते. आधी दोन्ही भाषांतले प्रश्न तिला पाहू द्या, मग तिलाच ठरवू द्या. फॉर्म सायबर कॅफेत भरत असाल तर ती स्वतः खुर्चीशेजारी हवी. "दादा, तुम्हीच भरून टाका" हे नको.

कॉम्प्युटरची सवय

मोबाइल चालवणं आणि कॉम्प्युटरवर परीक्षा देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलवर बोट चालतं, परीक्षेत माउस चालवावा लागतो. ज्या मुलीने माउस कधी धरला नाही, तिची पहिली दहा मिनिटं त्यातच जातात.

स्क्रीनवर काय दिसतं ते आपणही समजून घेऊ. एका वेळी एकच प्रश्न दिसतो, खाली चार पर्याय. वर कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत असतं. बाजूला सगळ्या प्रश्नांचे क्रमांक चौकटीत असतात आणि त्यांचे रंग बदलतात. हिरवा म्हणजे उत्तर दिलं. लाल म्हणजे प्रश्न पाहिला पण उत्तर दिलं नाही. जांभळा म्हणजे "पुन्हा पाहीन" अशी खूण केली. उत्तरावर टिक केल्यावर 'सेव्ह अँड नेक्स्ट' हे बटण दाबायचं. नुसतं टिक करून क्रमांकावरून दुसऱ्या प्रश्नावर उडी मारली तर उत्तर जतन होत नाही. ही चूक सरावात झाली तर शिकवण होते, परीक्षेत झाली तर गुण जातो.

सीईटी सेलच्या वेबसाइटवर सरावाची परीक्षा फुकट देता येते. मोबाइलवर प्रश्नांचा सराव चालेल, पण परीक्षेआधी किमान चार-पाच वेळा तरी कॉम्प्युटरवर पूर्ण तीन तास बसून सराव व्हायला हवा. कॉम्प्युटर कुठे मिळेल? तिच्या कॉलेजची लॅब, गावातल्या शाळेची लॅब, तालुक्याचं एमएस-सीआयटी केंद्र, गावातलं आपले सरकार सेवा केंद्र. तासाचे थोडे पैसे द्यावे लागले तरी हरकत नाही. ग्रामसंघातून चार मुलींसाठी मिळून विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही. एकटी आई गेली तर "उद्या या" असं उत्तर मिळतं, हे आपल्याला बँकेच्या अनुभवावरून माहीत आहेच.

घड्याळ: इथे आईचं काम सुरू होतं

परीक्षेत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे दोन विषय एकत्र येतात. प्रश्न १००, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. ही ९० मिनिटं संपली की तो भाग आपोआप बंद होतो आणि पुढचा, गणिताचा किंवा जीवशास्त्राचा, ९० मिनिटांचा भाग उघडतो. मागे येता येत नाही. कॅल्क्युलेटरही मिळत नाही, गुणाकार-भागाकार हातानेच.

म्हणून रसायनशास्त्र आधी घेऊन ३५ ते ४० मिनिटांत संपवायचं आणि उरलेली ५० ते ५५ मिनिटं भौतिकशास्त्राला द्यायची, अशी सवय लावली तर बरं पडतं. पण ही सवय परीक्षेच्या दिवशी लागत नाही.

आणखी एक मोठी गोष्ट. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही. समजा आठ प्रश्न येत नाहीत. रिकामे सोडले तर शून्य. अंदाजाने टिक केले तर चार पर्यायांतला एक बरोबर, म्हणजे आठात सरासरी दोन गुण मिळतात. शेवटची दोन मिनिटं राहिली की उरलेल्या सगळ्यांवर टिक करून सेव्ह करायचं, हे तिच्या अंगवळणी पडू द्या. 'नीट'मध्ये मात्र चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, तिथे असा अंदाज चालत नाही.

आता आठवड्याचं काम असं लावता येईल:

१. सोमवार ते शुक्रवार: रोज रसायनशास्त्राचे २५ प्रश्न. आईने फक्त मोबाइलवर २० मिनिटांचा गजर लावायचा. गजर वाजला की पेन खाली.

२. शनिवार: आठवड्यात चुकलेले प्रश्न एका वेगळ्या वहीत उतरवायचे. आईने ती वही मागायची. वाचता आली नाही तरी चालेल, पानं मोजायची. वही भरतेय की नाही एवढं कळलं तरी पुरे.

३. रविवार: ९० मिनिटांत १०० प्रश्न, भौतिक आणि रसायन मिळून. त्या दीड तासात तिला पाणी आणायला, भाकरी टाकायला, धाकट्याला सांभाळायला उठवायचं नाही.

तिसरा मुद्दा दिसायला सोपा आहे, पण सगळ्यात अवघड हाच आहे. मुलगा अभ्यासाला बसला तर घर चूप होतं. मुलगी बसली तर "जरा गॅसकडं पाय वं" होतंच. दीड तास पूर्ण मिळाला नाही तर तीन तासांच्या परीक्षेची बैठक तयार कशी होणार? हे दीड तास फक्त आईच राखू शकते.

क्लास लावायचा का? कर्ज घ्यायचं का?

क्लास वाईट असं मी म्हणत नाही. पण आधी हिशोब मांडू. समजा गटातून ३०,००० रुपये कर्ज दरमहा २ टक्क्यांनी घेतलं. पहिल्याच महिन्याचं व्याज ६०० रुपये. त्याआधी तीन गोष्टी झाल्यात का ते पाहा: दोन्ही वर्षांची पुस्तकं घरात आहेत का, जुन्या प्रश्नांचा संच सोडवला का, कॉम्प्युटरवर सराव झाला का. या तीन गोष्टी न करता लावलेला क्लास म्हणजे जमीन न नांगरता टाकलेलं महागडं बियाणं.

फुकटची मदतही आहे. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूरची महाज्योती संस्था सीईटी, जेईई, नीटचं ऑनलाइन प्रशिक्षण मोफत देते, त्यासाठी टॅबलेट आणि इंटरनेटचा डेटाही देते. हा अर्ज दहावीनंतर अकरावी सायन्सला प्रवेश घेतल्यावर करायचा असतो. बारावीत जाग आली तर उशीर होतो. म्हणून आत्ता दहावीत असलेल्या मुलींच्या आयांनी हे आजच लिहून ठेवा.

निकाल: पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे

परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या पाळ्यांत होते. प्रत्येक पाळीचा पेपर वेगळा. म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ९० गुण नाहीत. त्या पाळीत बसलेल्या दर १०० मुलांमधल्या ९० जणांचे गुण तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी आहेत, असा त्याचा अर्थ. त्यामुळे ७० पर्सेंटाइल ऐकून "सत्तरच का?" असं तोंड वाकडं करू नका आणि ९० ऐकून लगेच पेढेही वाटू नका. कोणत्या कॉलेजला मागच्या वर्षी कितीवर प्रवेश बंद झाला, ते आधी पाहा. आणि बारावी बोर्डातही किमान टक्के लागतात, म्हणून बोर्डाचा अभ्यास सोडायचा नाही.

फी माफी हवी तर कागद आत्ताच

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत १०० टक्के सवलत आहे. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप राउंड'मधून झालेला हवा. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत.

म्हणून कोणी एजंट आला आणि "मॅनेजमेंटची सीट पक्की करून देतो, सीईटीचं टेन्शन घेऊ नका" म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. त्या सीटवर ही सवलत मिळत नाही. वसतिगृह, जेवण, पुस्तकं यांचा खर्च सवलतीत धरलेला नाही, त्याची तयारी गटाच्या बचतीतून आत्तापासून करता येईल.

हे कागद तपासा:

- आधार कार्ड आणि दहावीची गुणपत्रिका. दोन्हींवर नाव आणि जन्मतारीख सारखीच हवी.
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. वैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत जात पडताळणी समितीकडे जातो, वेळ लागतो. बारावी सुरू होताच करा.
- नॉन-क्रिमिलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, चालू मुदतीचा.
- उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र.
- फॉर्ममध्ये दिलेला मोबाइल नंबर. तो घरातला, चालू राहणारा हवा. सगळे निरोप आणि ओटीपी त्यावरच येतात. सायबर कॅफेवाल्याचा नंबर देऊ नका.

परीक्षेच्या दिवशी

प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र आदल्या रात्रीच पिशवीत ठेवा. सकाळची पाळी असेल तर एसटीच्या भरवशावर राहू नका. केंद्र लांब असेल तर आदल्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्काम करा किंवा दोन-तीन मुलींनी मिळून गाडी करा. एप्रिल-मेचं ऊन आहे, पाणी आणि घरचा डबा सोबत ठेवा. पेपरहून आल्यावर "किती येतीन?" हा प्रश्न त्या दिवशी विचारू नका. आधी जेवू द्या.

येत्या बैठकीत

हा लेख बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. त्याच वेळी प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या दहावी, अकरावी आणि बारावी सायन्सच्या मुलींची यादी करून ग्रामसंघाच्या सचिव ताईंकडे द्यावी. यादीसमोर दोनच रकाने हवेत: कॉम्प्युटरवर सराव झाला का, आणि जात वैधतेचा अर्ज केला का. ज्या गावात चार मुली निघतील, तिथे कॉम्प्युटरची सोय बघायला मी तुमच्यासोबत येते. ठराव मात्र तुमच्या गटाचा हवा.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक